आत्याच्या गाडीची वही

रविवार

आत्याने गाडी दिली ती अगदी सहज. "मला आता रात्रीचं नीट दिसत नाही गं. दारात उभी राहून सडण्यापेक्षा तुझ्याकडे चालू दे," एवढंच म्हणाली आणि पैशांचा विषय मला काढूही दिला नाही. सोबत दोन किल्ल्या, कागदपत्रांची फाईल आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्या. आज त्या पावत्या निवांत बसून वाचल्या. अलीकडच्या वर्षांच्या पावत्याच नाहीत, म्हणजे गाडीची तब्येत कशी आहे हे आता गाडीलाच विचारायचं.

वरवर पाहता दिसतंय ते असं. सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, हळूहळू कमी होतं. ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते. मागची एक काच खाली जात नाही, एसीतून नुसती हवा येते आणि डाव्या दाराच्या खालच्या पत्र्याला गंज धरलाय.

ज्याला सांगावं तो म्हणतो, गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीला जास्त लागणार असेल तर सोडून दे. मला हे पटत नाही. फुकट मिळालेल्या गाडीची किंमत शून्य धरली तर बल्ब बदलणंसुद्धा तोट्यात जाईल. ही गाडी मला विकायचीच नाही, मग बाजारभावाशी माझं काय घेणं? मी हिशेब असा धरणार आहे: हा खर्च केला तर गाडी पुढे किती महिने चालेल, आणि नाही केला तर नेमकं काय होईल. कोणाला इजा होण्यासारखं असेल तर ते काम लगेच. नुसती गैरसोय असेल तर ते राहू दे. इंजिनच जाण्याचा धोका असेल तर बसून विचार करायचा.

त्यासाठी एक जाड वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे. पेट्रोल भरलं की किलोमीटर, ऑइलची पातळी आणि कूलंटची पातळी त्यात लिहायची. कूलंटच्या टाकीवर आजच मार्करने रेघ मारून ठेवली.

मंगळवार

सगळ्यात आधी ब्रेक. यात काटकसर करायची नाही हे ठरलेलंच होतं.

संध्याकाळी चक्कर मारून आले आणि गाडी उभी केल्यावर एकेका चाकाजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात ठेववेना आणि करपल्यासारखा वासही येत होता. मेकॅनिकने चाक काढून दाखवलं. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचा. आतला पॅड पार झिजून पत्र्याला टेकायला आला होता आणि बाहेरचा अजून जाडजूड. एकाच चाकातले दोन पॅड इतके वेगळे झिजले की पिन अडकली असं समजायचं, हे त्याने पॅड माझ्या हातात देऊन समजावलं. पिन साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं, पुढचे पॅड दोन्ही बाजूंचे बदलले.

ब्रेक ऑइलही बदलून घेतलं. बाटलीतलं नवं ऑइल मधाळ, स्वच्छ. गाडीतून निघालं ते चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, मग पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. आत्या वर्षानुवर्षं कमी चालवायची म्हणून निभावलं. पण किलोमीटर कमी झाले तरी बाष्प आपलं मुरतच असतं.

टायरसुद्धा याच यादीत. नक्षी चारही टायरांना भरपूर आहे, पण पुढच्या दोघांच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर एक सांकेतिक क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. १८१५ असेल तर २०१५ सालचा अठरावा आठवडा. माझ्या पुढच्या जोडीचं वय झालं होतं, ती काढली. नवी जोडी मागे लावली आणि मागची बरी जोडी पुढे आणली. पुष्कळांना नवे टायर पुढे हवे असतात, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं जास्त कठीण जातं.

आज खर्च बराच झाला. एकदाही जिवावर आलं नाही.

शुक्रवार

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आता ते नेमकं कुठून आत जातंय, यावर पुढचं सगळं ठरतं. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारल्यावर निळा ढग येतो, मग मिनिटाभरात धूर बंद. चढावर गाडी दाबली तरी मागे धूर दिसत नाही. म्हणजे बहुधा व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनातल्या झडपांची, रबरी सील कडक झाली आहेत आणि रात्रीतून थोडं ऑइल झिरपून खाली उतरतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ॲक्सिलरेटर दाबल्यावरही धूर दिसला असता आणि पिकअप मेलं असतं.

मेकॅनिक म्हणाला, सील बदलता येतील, पण काम मोठं आहे. मी नको म्हटलं. वहीत ऑइलचा खप दिसतोय, तो वाढत नाहीये. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी दोन खुणांच्या मध्याखाली गेली की वरून भरायचं आणि ऑइलचा एक डबा डिकीत ठेवायचा. जळलेलं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणाऱ्या भागाला, हळूहळू निकामी करतं, धूर हवेत जातो, हे मला ठाऊक आहे आणि ते मनाला लागतंही. म्हणून खप वाढायला लागला तर हा निर्णय फिरवायचा, असं तिथेच खाली लिहून ठेवलं.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्यावर विसंबू नये, हे मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतं. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. धावत्या गाडीत तो लागला म्हणजे बेअरिंगना ऑइल पोचत नाहीये. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. पातळी कळते ती बोनेट उघडून, सपाट जागेवर, थंड इंजिनात, डिपस्टिक पुसून दुसऱ्यांदा बुडवल्यावर.

रविवार

आत्याचा फोन. "गाडी त्रास देते का गं?"

"देते थोडा. पण आधी सांगून देते."

तिला बरं वाटलं. काच अडकलेली आहे का अजून, हेही विचारलं. ती काच मी तशीच ठेवणार आहे. एसीसुद्धा.

सोमवार

आज सेल्फ मारल्यावर नुसतं टक झालं. दुसऱ्यांदाही टक. बॅटरी गेली असंच कोणीही म्हणेल, पण मल्टिमीटर लावला तर १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी जवळपास भरलेली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं थेट इंजिनच्या धातूवर ठेवून शेजारच्या मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. काटा एका व्होल्टच्या वर गेला. तो शून्याजवळच राहायला हवा. म्हणजे अर्थची वायर कुठेतरी खराब. इंजिनाकडून बॉडीला जाणारी जाड पट्टी सोडवली तर बोल्टखाली हिरवट पांढरी पूड साचलेली. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, घट्ट आवळलं, वरून थोडं व्हॅसलिन. पहिल्या सेल्फला चालू. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आले, त्यामुळे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचीही चिंता मिटली.

अशा वेळी न तपासता बॅटरी बदलली असती तर पैसे गेले असते आणि दोष तिथेच राहिला असता. जुनी गाडी महाग पडते ती बहुतेक वेळा अंदाजाने पार्ट बदलल्यामुळे.

गुरुवार

कूलंटचं कोडं सुटत नव्हतं. मारलेल्या रेघेखाली पातळी दर आठवड्याला थोडी थोडी उतरत होती. जमिनीवर डाग नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली साय धरलेली नाही, टाकीत बुडबुडे येत नाहीत. त्यामुळे हेड गॅस्केटची (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालच्या पॅकिंगची) धाकधूक कमी झाली. रेडिएटरचं झाकण आधीच बदललं होतं, कारण त्याचं रबर चिरलं होतं. ते झाकण नुसतं बूच नसतं. ते आत दाब धरून ठेवतं. साधारण एका वातावरणाइतका जादा दाब असला की पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण दाब धरेनासं झालं की तापमानाचा काटा अजून ठीक असतानाच कूलंट उकळून बाहेर पडू शकतं. आणि तोच दाब असतो म्हणून तापलेल्या इंजिनात ते झाकण कधीही उघडायचं नाही.

एकाने डबीतली गळतीबंद पावडर आणून दिली. प्रेमाने दिली, पण मी ती टाकणार नाही. जी पावडर बारीक भोक बुजवते, ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक वाटाही बुजवू शकते.

आज सकाळी थंड इंजिनात बॅटरी घेऊन खाली वाकले. म्हणजे टॉर्च. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या अंगावर एक छोटं भोक असतं, आतलं सील झिजलं की तिथून कूलंट झिरपतं. त्या भोकाखाली गुलाबीसर, मिठासारखा वाळलेला ओघळ दिसला. थेंब गरम इंजिनावर पडून वाळून जायचा, म्हणून जमिनीवर काही नाही. ओघळावर बोट फिरवलं तर खालचा भाग अजून चिकट होता. पातळी कुठे जात होती ते एकदाचं कळलं, आणि खरं सांगायचं तर ते पाहून मला फार आनंद झाला.

शनिवार

आता तो बसून विचार करण्याचा प्रसंग.

या गाडीत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर, फिरतो. पंप बदलायचा तर बेल्ट काढावाच लागतो. आणि बेल्टबद्दल मी पहिल्या दिवसापासून घोळत होते. तो कधी बदलला याची पावतीच नाही. बऱ्याच गाड्यांना तो ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा काही वर्षांनी बदलायला सांगतात. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. माझ्या इंजिनची रचना अशी आहे की बेल्ट तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनचं काम तिथेच संपतं. शिवाय हे पूर्वसूचना देऊन होईलच असं नाही. बाकी सगळ्या दुखण्यांवर लक्ष ठेवता येतं, याच्यावर येत नाही.

नुसता बेल्ट असता तर कदाचित मी नशिबावर सोडला असता. नुसता पंप असता तर आणखी काही दिवस कूलंट भरत राहिले असते. पण गळणारं कूलंट बेल्टवर उडालं तर बेल्ट लवकर खराब होतो, पंपाचं बेअरिंग अडकलं तरी बेल्टच तुटतो, आणि दोन्हींची मजुरी एकच. पंप, बेल्ट आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर एकदम बदलायला सांगितले. मेकॅनिकने एकदा विचारलं, "एवढा खर्च करताय, नक्की ना?" वही उघडून त्याला दाखवली: ऑइलचा खप स्थिर, काटा कायम मधोमध, बॅटरी ठणठणीत, ब्रेक नवे. इंजिन अजून चांगलं आहे, म्हणून हा खर्च. हेच काम आधी हेड गॅस्केट गेलेल्या इंजिनावर मी केलं नसतं.

थांबायचं कुठे, तेही त्याच पानावर लिहिलं. हेड उतरवायची वेळ आली तर थांबायचं. गंज दाराखालच्या पत्र्यावरून सस्पेन्शन जिथे बसतं त्या भागापर्यंत गेला तरी थांबायचं, कारण तिथे वेल्डिंगची ठिगळं लावून मी कोणाला गाडीत बसवणार नाही. आत्यालाही हे फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "बरोबर आहे. भंगारात देताना मला सांग, मी येईन."

बुधवार

पातळी रेघेवर आहे. सकाळचा निळा ढग आहे तसाच.

चाकात हवा भरताना पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले. ॲक्सलच्या रबरी बुटाला चीर गेली आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत गोल गाडी फिरवली, टकटक आवाज आला नाही, म्हणजे बुटाच्या आत असलेला जॉइंट अजून शाबूत असावा. धूळ-पाणी आत गेलं की तो जाणारच. बूट आणि ग्रीस स्वस्तात होतं, जॉइंट महागात. या आठवड्यातच बूट बदलून घ्यायचा, वहीत लिहिलं आहे.