आठ ओहमची पट्टी

८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं माप) म्हणून घेतलेला स्पीकर ८ ओहमचा नसतोच. मल्टिमीटर लावला तर साधारण ६ दाखवतो. गाणं सुरू झालं की स्वरागणिक बदलतो: कुठे ५-६, तर वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, ज्या स्वराला आपणहून घुमतो त्या अनुनादापाशी ३०च्याही पुढे. स्पीकरमागची ‘८ ओहम’ची पट्टी म्हणजे ढोबळ अंदाज. तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन शौकीन भेटले की ‘अँपचे (अँप्लिफायरचे) आणि स्पीकरचे ओहम मॅच व्हायला हवेत’ हे ठरलेलं.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या अँपमधल्या काचेच्या नळ्यांच्या, जमान्यात त्यात तथ्य होतं. व्हॉल्व्हला समोर काही हजार ओहम लागतात आणि स्पीकर तर ८चा. मधल्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे ३०ला १ असले, की ३०चा वर्ग ९००, म्हणजे ८चे ७,२०० दिसतात. म्हणून त्या अँपमागे ४, ८, १६ असे वेगवेगळे स्क्रू. हा हिशेब मला फार देखणा वाटतो.

आजच्या ट्रान्झिस्टर अँपचा स्वतःचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा हाच अडथळा) बहुधा ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. तो ८ करून स्पीकरशी ‘जुळवला’, तर निम्मी ताकद आतच जळेल. इथे मुद्दाम विषमता हवी. वाढणारा सढळ, जेवणारा अल्पाहारी. सीडी प्लेअर काहीशे ओहमचा, अँपची इनपुट २०-४७ हजारांची. पाहुणा इतकं कमी घेतो की यजमानाला पत्ताही लागत नाही. (खादाड पाहुणे बघायचे असतील तर एकाच अँपला स्पीकरच्या दोन जोड्या समांतर जोडाव्यात. भार ४ ओहमवर येतो, म्हणजे प्रवाह दुप्पट ओढला जातो, मग अँपवर जरा हात ठेवून बघावा.)

खरी गंमत माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या बॅगवजा रेकॉर्ड प्लेअरची. त्यात बहुतेकदा सिरॅमिक कार्ट्रिज (सुईच्या थरथरीची वीज करणारा भाग) असतं, आणि त्याला समोर १० लाख ओहम तरी लागतात. हौसेने ते नव्या अँपच्या ऑक्सला, म्हणजे जादा इनपुटला, जोडतात. तिथे भेटतात ४७ हजार. आवाज येतो, पण सगळा वरच्या पट्टीतला. तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा मात्र बेपत्ता. लोक सुईला दोष देतात, रेकॉर्ड धुतात, कुणी महागड्या केबलही आणतं. वास्तविक मध्ये एक फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि चार-दोन रेझिस्टरांचा बफर, म्हणजे कार्ट्रिजला समोर जास्त ओहम दाखवणारं छोटं सर्किट, टाकला की काम भागतं. केबल विकणारा अर्थातच हे सांगणार नाही.