नाळे बा, आणि माझे दोन मडगार्ड

जिप्सीच्या इंजिनावर मी स्वतः बनवलेल्या अल्युमिनियम बॉडीच्या गाडीचा फोटो बघितला की प्रत्येकजण पहिलं हेच विचारतो, पासिंग झालं काय? नाही झालं, होणारही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर बदललेली गाडी चालत नाही, आणि शून्यातून नवीन बनवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या ठिकाणी टेस्टिंग, ते कारखानदारांचं काम, एका माणसाला एका गाडीसाठी परवडतंय कुठं. हे मला सुरुवातीलाच माहीत होतं. माझी गाडी टेम्पोत चढून ट्रॅकवर जाते, तिथं पळते आणि टेम्पोतूनच बेळगावात अनगोळला परत येते. विषय संपला. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं, अजून आठवलं तरी फिरतंय.

खालचं सगळं पटापट झालं. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचाच मागचा ॲक्सल. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, तो काढून मधी सरळ एक प्रॉपशाफ्ट टाकला. चासी पाइपची, ती आमच्याच शॉपमधल्या दोघांनी रविवारी रविवारी बसून जोडली. बॉडीच्या आकाराचा लाकडी सांगाडा पॅटर्नवाल्यानं करून दिला. उद्यमबागेत फाउंड्री चिक्कार, त्यामुळं पॅटर्नमेकरला गाडीचा कर्व्ह समजावून सांगावा लागत नाही, ड्रॉइंग बघितला आणि दर सहा इंचाला एक प्लायचा काप कापून मोकळा. इंग्लिश व्हील, म्हणजे दोन चाकांमधनं पत्रा फिरवून त्याला गोलाई देणारं मशीन, तेसुद्धा घरीच केलं, सी चॅनेलची फ्रेम आणि मित्राच्या फाउंड्रीत ओतलेलं वरचं चाक ग्राइंड करून.

पत्रा अल्युमिनियमचा घ्यायचा हे पक्कं होतं. दीड मिमीचा अल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला साधारण ४ किलो भरतो, ०.८ मिमीचा लोखंडी पत्रा ६ किलोच्या वर जातो. पहिल्यांदा मी भंगारवाल्याकडनं स्वस्तात मिळाला म्हणून पत्रा आणला, ग्रेड विचारली तर म्हणाला अल्युमिनियम म्हणजे अल्युमिनियम की. तिसऱ्या घडीला चर्र करून फाटला. तो बहुतेक ६०६१ टी६ ही कडक ग्रेड असणार, मशीनिंगला झकास, ठोकून वळवायला निरुपयोगी. मग ३००३ ही मऊ ग्रेड मागवली आणि टेस्ट सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. तुम्हीपण देऊ नका.

आता मडगार्ड. पुढचं मडगार्ड एका तुकड्यात येत नाही, निदान माझ्या हातानं येत नाही. चार तुकडे ठोकून घेतले, ते एकमेकाला जोडायचे होते. आणि इथं अडकलो. बेळगावात टिग वेल्डिंगवाले भरपूर आहेत पण बहुतेकांचं मशीन डीसी, स्टीलला नि एसएसला चालणारं. अल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो थर असतो तो २००० डिग्रीच्या वर वितळतो आणि खालचा पत्रा ६५० च्या आसपासच पाणी होतो, तो थर फोडायला टिगला एसी करंट लागतो. एसी टिग असलेलं एक शॉप कुणीतरी सांगितलं. नाव घेत नाही.

पहिल्या सोमवारी गेलो. मालक गोड माणूस, चहा दिला, तुकडे हातात घेऊन फिरवून बघितले, भारी केलाय की म्हणाला. वर म्हणाला, जॉब लहान आहे पण करू, नाळि बर्री, कन्नडमध्ये उद्या या. उद्या गेलो. वेल्डर गावाला गेलेला. गुरुवारी गेलो तर आर्गॉनची बाटली संपलेली. पुढच्या सोमवारी बाटली होती, वेल्डर होता, पण मोठ्या पार्टीचा अर्जंट माल लागलेला. नाळि बर्री. दीड महिन्यात मी अकरा फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी हाफ डे टाकून, आणि अकराही वेळा चहा मिळाला.

आमच्या लहानपणी इकडं घरांच्या दारावर खडूनं 'नाळे बा' लिहायचे. रात्री भूत येऊन दार वाजवतंय, ते 'उद्या ये' वाचून परत जातंय, दुसऱ्या रात्री पुन्हा येतंय, पुन्हा वाचतंय आणि पुन्हा जातंय. त्या भुताची मला कधी दया आली नव्हती. या दीड महिन्यात आली.

मी तिथनं तुकडे उचलून का आणले नाहीत, असं बायकोनं विचारलं. कारण प्रत्येक वेळी वाटायचं की आता इतक्या फेऱ्या मारल्यात, उद्या झालंच तर? शिवाय दर फेरीला एखादी तरी गोष्ट पुढं सरकलेली दिसायची, एकदा तुकडे टेबलावर आलेले, एकदा तर क्लॅम्पसुद्धा लावलेले. क्लॅम्प बघून मी घरी येताना पेढे आणलेले, आता सांगायला लाज वाटते.

बाराव्या फेरीला झालं होतं. बघून समजलं की मालकाच्या वेल्डरनं नाही, शिकाऊ पोरानं केलंय, वेल्डिंगचा जाडजूड टाका, बोटभर रुंद. तरी म्हटलं असू दे, ठोकून सपाट करू. घरी आणून डॉलीवर, म्हणजे पत्र्याखाली धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, ठेवून हातोडी मारली आणि टाक्याच्या कडेनं केसाएवढी चीर गेली. अजून एक मारली, चीर वितभर झाली. टाक्यात भरायचा रॉड ४०४३ ग्रेडचा वापरलेला, त्यात ५ टक्के सिलिकॉन, इंजिनच्या कास्टिंगला ठीक आहे पण टाका पत्र्यापेक्षा कडक होतो, ठोकून घ्यायच्या पत्र्याला त्याचा उपयोग नाही. हे आधी सांगायला पाहिजे होतं ते मी सांगितलं नाही, मलाच माहीत नव्हतं, पण त्यानंपण विचारलं नाही की याचं पुढं काय करणार. पैसे मात्र पूर्ण घेतले.

दोन आठवडे गॅरेजचं शटरच उघडलं नाही मी.

सुटलो कसं, तर दुधाच्या कॅनमुळं. शहापुरात एक म्हातारे टिंकर मामा आहेत, पूर्वी डेअरीचे अल्युमिनियमचे कॅन जोडायचे, गॅसवर. आमच्या दूधवाल्यानं पत्ता दिला. मामांनी चिरलेलं मडगार्ड बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलंय?" मी गप्प. त्यांनी टाका कापून फेकला, माझ्याच उरलेल्या पत्र्याची दोन मिमी रुंदीची पट्टी कापली आणि तीच रॉड म्हणून वापरली. पट्टीला फ्लक्स, म्हणजे ऑक्साइडचा थर काढणारं रसायन, लावला, अगदी लहान नोझल, आणि मला जवळ उभं करून म्हणाले, "लाल व्हायची वाट बघितलास तर भोक पडतंय. लाल होतच नाही हे." आणि खरंच, अल्युमिनियम वितळायच्या आधी रंग बदलत नाही, कडा नुसत्या ओल्या दिसतात, आरशासारख्या, एक सेकंद, तेवढ्यात पट्टी टेकवायची. फ्लक्सचा पिवळा जाळ असा उठतो की ती ओल दिसतच नाही, म्हणून निळा चष्मा. मी पहिल्या दिवशी सात भोकं पाडली. चौथ्या दिवशी एक फूट सलग टाका आला, मामांनी त्यावर हातोडी मारली, टाका पत्र्यासारखाच पसरला, चिरला नाही. दोन्ही मडगार्ड मिळून नऊ दिवस. त्यांनी पैसे किती घेतले ते सांगितलं तर तुम्ही त्यांच्याकडं रांग लावाल.

फ्लक्स गरम पाण्यानं आणि ब्रशनं घासून काढा, आतल्या बाजूनंपण, राहिला तर पत्रा खातो. हे मी एका ठिकाणी विसरलो, तिथं आता पांढरी पूड धरलीय.

पत्रा ठोकून कडक झाला की मऊ करायचा असतो, त्यासाठी कपड्याच्या साबणाची रेघ ओढा आणि मागनं गॅस फिरवा, रेघ काळपट झाली की थांबायचं. खळगा पाडायला मी चिंचेचा ओंडका वापरला, वाळूच्या पिशवीपेक्षा बरा. आणि लोखंडी पाइपवर अल्युमिनियम पत्रा थेट कधीच बसवू नका, आमच्याकडचा पाऊस माहीत आहे ना, दोन धातू आणि मधी पाणी, सांधा कुजतोच. मी मधी रबराची पट्टी घातली. मिलानच्या टूरिंग कंपनीनं १९३६ मध्ये बारीक पोलादी नळ्यांवर अल्युमिनियम पत्र्याच्या सुपरलेजेरा पद्धतीचं पेटंट घेतलं, त्या जुन्या गाड्यांचं रिस्टोरेशन करणारे आजही याच कुजण्याशी भांडतात.

चालवायला कशी आहे? आवाज प्रचंड, सीटखाली आतून दगड लागले की पत्रा टणटण वाजतो, गिअरबॉक्सच्या गरमीनं डावा पाय भाजतो. ट्रान्सफर केस गेला की त्यातलं साधारण १.४ चं रिडक्शनपण जातं, म्हणून पहिला गिअर लांब झालाय, चढाला जोर कमी पडतो, टेम्पोच्या फळीवर चढवताना क्लचचा वास येतो. पण ट्रॅकवर तिसऱ्या गिअरला, मडगार्डच्या त्या उंचवट्यांमधनं रस्ता दिसायला लागला की मी मोठ्यानं ओरडतो, हेल्मेटच्या आत, कुणाला ऐकू जात नाही.

मामांना पहिल्या दिवशी मुद्दाम घेऊन गेलो होतो. बसा म्हटलं तर बसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, उजव्या मडगार्डवर तळहात फिरवला, मग डाव्यावर, आणि म्हणाले, "उजवं जरा जास्त फुगलंय बघ." घरी येऊन टेप लावला. ६ मिमी. तेव्हापासून फोटो मागणाऱ्याला डाव्या बाजूचाच पाठवतो.