खान्देशचा कोविड तक्ता: मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख

राज्याच्या आरोग्य विभागाची २०२० आणि २०२१ ची दैनंदिन पत्रकं पुन्हा एकदा तक्त्यात उतरवून झाली. नाशिक मंडळाच्या ओळींतून मला पाच हव्या होत्या: जळगाव, जळगाव मनपा, धुळे, धुळे मनपा आणि नंदुरबार. पहिल्या वेळी मी काही आठवडे नुसतं ‘जळगाव’ उचललं होतं आणि शहर सुटलं होतं. जिल्ह्याची बेरीज करायची तर मनपाची ओळ त्यात मिळवावी लागते. नंदुरबारला महापालिका नाही, म्हणून तिथं एकच ओळ. नव्यानं तक्ता करणाऱ्यांनी आधी हे तपासा.

या खेपेचं मोठं काम तारखांचं होतं. पत्रकातला ‘आजचे मृत्यू’ म्हणजे आज नोंद झालेले मृत्यू. ते कधी झाले ते खालच्या ओळीत असायचं: इतके मागील ४८ तासांतले, इतके मागील आठवड्यातले, उर्वरित एक आठवड्यापेक्षा जुने. ती ओळ फार थोडे लोक वाचायचे, बातमीत तर यायचीच नाही. मी तिच्यासाठी तीन रकाने केले आहेत. एप्रिल-मे २०२१ चा भाग भरताना दिसतं की रुग्णसंख्या उतरू लागली तरी मृत्यूंचा आकडा चढाच राहतो. त्यातला काही भाग आजाराचाच आहे, कारण लागण आणि मृत्यू यांच्यात दोन-तीन आठवडे जातात. बाकीचा कागद पुढे सरकायला लागलेला वेळ. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय आलेख वाचू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण १६ जून २०२० चं. त्या दिवशी राज्यानं आधी सुटलेले १,३२८ मृत्यू एकदम मिळवले. त्यात ८६२ मुंबईचे होते. दुसऱ्या दिवशी देशाच्या आकड्यात २,००३ ची भर दिसली. आता सात दिवसांची सरासरी काढली की काय होतं पाहा: तो एका दिवसाचा सुळका पसरून आठवडाभराचं पठार होतं, रोज १९० मृत्यू जादा. पाहणाऱ्याला वाटतं, तो आठवडाच भयंकर होता. मी ते १,३२८ आधीच्या आठवड्यांवर नोंदींच्या प्रमाणात वाटले आणि त्या चौकटींना पिवळा रंग दिला. ही वाटणी माझा अंदाज आहे, नोंद नव्हे. रंग त्यासाठीच.

जळगावच्या मृत्युदराबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. मे-जून २०२० मध्ये तो १० टक्क्यांच्या वर होता आणि राज्याचा ३ ते ५ टक्क्यांच्या घरात. तेव्हा रोज पेपर उघडला की पोटात गोळा यायचा. विषाणू आमच्याकडे तिप्पट घातक नव्हता. भागाकार वरून नाही, खालून वाचायचा. शंभर बाधित सापडले आणि दहा गेले तर दर १० टक्के. तपासणी वाढून त्याच गावात हजार बाधित सापडले तर त्याच दहा माणसांवर दर १ टक्का. सुरुवातीला आमचे स्वॅब तपासायला बाहेर जात आणि माणसं दम लागल्यावरच दवाखाना गाठत. म्हणून छेद लहान राहिला. पण एवढं म्हणून मी तो आकडा झटकणार नाही. उशिरा दवाखान्यात पोचणं आणि उशिरा अहवाल मिळणं यानंही माणसं गेली, आणि ती त्या १० टक्क्यांच्या अंशात आहेत. दर नंतर उतरला तो काही अंशी तपासण्यांमुळे आणि काही अंशी उपचार सुधारल्यामुळे. किती कशामुळे, हे या पत्रकांतून निघत नाही.

आता ज्या ओळीवर मी अडलोय त्या नंदुरबारच्या ओळीबद्दल. माझे मामा नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे. नवापूर स्टेशनाचा निम्मा फलाट महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. आजारी पडलं की तिथली माणसं सुरतची गाडी धरतात, मामांनीही तेच केलं. एप्रिल २०२१ मध्ये ते सुरतला गेले आणि तिथंच वारले. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं भरलेली, आरटी-पीसीआर निगेटिव्ह. आई तेव्हा रोज संध्याकाळी मला विचारायची, “आज कितला गयात रे?” मी नंदुरबारचा आकडा सांगायचो. त्या आकड्यात तिचा भाऊ नव्हता.

कारणं दोन. एक, जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जिथं होतो तिथं नोंदला जातो, राहत्या गावी नाही. दोन, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सूचनांत चाचणीनं सिद्ध झालेल्या कोविडला यू०७.१ आणि संशयिताला यू०७.२ असे मृत्यूचं कारण नोंदवायचे वेगळे संकेतांक होते, आणि रोजच्या आकड्यात यायचे ते सिद्ध झालेले.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालानंतर ५० हजारांच्या सानुग्रह मदतीचे नियम आले. चाचणीपासून किंवा डॉक्टरांनी कोविड ठरवल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू त्यात धरला गेला. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू १.४१ लाख आणि अर्ज २ लाखांवर होते. गुजरातेत नोंद १० हजारांच्या थोडी वर, अर्ज ९० हजारांच्या आसपास. अर्ज म्हणजे मृत्यू असं सरळ समीकरण मांडू नका. व्याख्या रुंद होती आणि एकाच घरातून दोन अर्जही आले असतील. तरी एवढा फरक तेवढ्यानं भरून निघत नाही.

म्हणून आता पत्रकं बाजूला ठेवून सर्व कारणांच्या मृत्यूंकडे वळतोय. देशात २०२० साली ८१.२ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ साली १०२.२ लाख. हा दुसरा आकडा मे २०२५ मध्ये जाहीर झाला. या वाढीत नोंदणी सुधारल्याचाही वाटा असणार, त्यामुळे सगळे २१ लाख कोविडच्या नावावर टाकता येत नाहीत. पण इथं चाचणीची अट नाही, म्हणून मामा या बेरजेत आहेत.

तालुकावार हेच करायचं आहे. गावाची नोंद ग्रामपंचायतीकडे, शहराची पालिकेकडे. तक्त्यात ‘जिल्ह्याबाहेर वारलेले’ असा वेगळा रकाना उघडलाय आणि तो जवळजवळ रिकामा आहे. सुरत किंवा मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर, सेंधव्याकडच्या मृत्यूनोंदींच्या महिनावार बेरजा कोणाकडे असतील तर कळवा. नावं नकोत, नुसती संख्या पुरे. २०१८ आणि २०१९ चीही द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?