एअर फ्रायरमधला बासा: आधी पाणी काढा, मग मसाला

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग होते, आणि मग फ्रीझरमधल्या बासा फिलेच्या पाकिटाला हात जातो. काटा नाही, वास कमी, मुलं तक्रार न करता खातात. एअर फ्रायर घरात असतोच, म्हणून तव्यासाठी करतो तसाच मसाला लावून, रव्यात घोळवून तुकडे आत ठेवले जातात. बारा मिनिटांनी बाहेर येतो तो पांढरट, कोरड्या पिठाचा थर असलेला आणि खालून गिच्च झालेला मासा. दोष माशाचा नाही आणि यंत्राचाही नाही. तव्याची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही, इतकंच.

तव्यावर तेल रव्याला थेट भिडतं आणि उष्णता आत नेतं. एअर फ्रायरमध्ये वरची कॉइल तापते, पंखा गरम हवा फिरवतो, आणि हवा उष्णता पोचवण्यात तेलापेक्षा बरीच कमी पडते. त्यात माशाचा पृष्ठभाग ओला असेल तर सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या वर फारसा जातच नाही, आणि खमंग तांबूस रंग धरायला साधारण 140 अंश तरी लागतात. तोवर आतला मासा शिजून कोरडा पडायला लागलेला असतो. म्हणून या पदार्थातलं खरं काम भांडं आत सरकवण्याआधीचं आहे: मासा कोरडा करणं आणि रव्याला आधीच तेल पाजणं. तापमान आणि मिनिटं त्यानंतर.

सुरुवात पाकिटापासून. गोठवलेल्या फिलेवर बर्फाचा पातळ थर दिलेला असतो. तो मासा सुकू नये म्हणून असतो, पण त्याचं वजन आपण माशाच्या भावात घेऊ नये, म्हणून पाकिटावर बर्फ वगळून दिलेलं निव्वळ वजन बघावं. घटकांच्या यादीत फक्त मासा लिहिलेला असेल तर उत्तम. आयएनएस 451 किंवा 452 दिसलं तर ते फॉस्फेट आहे. त्याने मासा पाणी धरून ठेवतो, आणि तेच पाणी तापल्यावर भांड्यात सुटतं. असा मासा टाकून द्यायची गरज नाही, पण तो कोरडा करायला जास्त वेळ द्यावा लागतो.

बर्फ सोडवायचा तो फ्रिजमध्येच, रात्रभर. पाकिटातून काढून, जाळीवर किंवा चाळणीत ठेवून, खाली ताटली. पाकिटातच ठेवला तर मासा स्वतःच्याच पाण्यात भिजत राहतो. गरम पाण्यात टाकून घाई करू नये, कडा अर्धवट शिजतात आणि मधला भाग दगडच राहतो. घाईच असेल तर पाकीट न फोडता गार पाण्यात अर्धा-पाऊण तास.

दोन मोठे फिले, म्हणजे साधारण 400 ग्रॅम मासा धरू. मधली रेघ सोडून उभे कापा आणि जाड भागाचे तुकडे वेगळे, शेपटीकडचे पातळ तुकडे वेगळे ठेवा. शेपटीचं टोक फारच पातळ असेल तर ते खाली दुमडून घ्या, म्हणजे जाडी सारखी होते. एका छोट्या, सपाट भरलेल्या चमच्याएवढं मीठ सगळीकडून चोळा आणि 15 मिनिटं चाळणीत ठेवा. खाली ताटलीत पाणी साचलेलं दिसेल. मग प्रत्येक तुकडा स्वच्छ सुती फडक्यात किंवा किचन टॉवेलमध्ये धरून दाबून टिपा. कागद तुकड्याला चिकटायला लागला आणि उचलल्यावर ओला डाग उमटला नाही, की झालं. या मिठाचा आणखी एक उपयोग आहे. शिजताना माशातून जे पांढरे, दह्यासारखे थेंब बाहेर येतात ती प्रथिनं असतात, आणि आधी मीठ लावलेल्या माशात ती बरीच कमी सुटतात.

आता मसाला. पाव चमचा हळद, दीड चमचा तिखट किंवा मालवणी मसाला, एक चमचा आलं-लसणाचं अगदी बारीक वाटण, एक चमचा कोकमाचं आगळ, एक चमचा तेल. चमचा म्हणजे इथे चहाचा. मीठ आता नको. ते आधीच मुरलं आहे आणि बाजारातलं आगळ बहुतेक खारटच असतं. वाटण भरड असेल तर लसणाचे कण 200 अंशांच्या हवेत काळे होऊन कडवट लागतात, म्हणून गाळून नुसता रस वापरला तरी चालेल. हा मसाला पातळ थरातच लागला पाहिजे. आगळ किंवा लिंबू लावून तासभर मुरवत ठेवायचा विचार सोडून द्या. सुरमईची घट्ट तुकडी ते सहन करते, बासा करत नाही. आंबटाने त्याचं मांस वरून पांढरं आणि पिठूळ होतं. 15 मिनिटं भरपूर झाली.

रव्याकडे मात्र वेळ द्या. अर्धी वाटी बारीक रवा, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा तेल. शंकरपाळ्याच्या पिठात मोहन चोळतो तसं हे तेल रव्यात बोटांनी चोळायचं, कोरडा कण राहू द्यायचा नाही. मग कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, फिका बदामी रंग येईपर्यंत परतून ताटात गार करायचं. हे परतणं टाळू नका. बासा आठ-दहा मिनिटांत शिजतो आणि तेवढ्या वेळात कच्चा रवा एअर फ्रायरमध्ये रंग धरत नाही. रंग येईपर्यंत थांबलात तर मासा हातचा जातो. रवा आधीच खमंग असेल तर यंत्राला फक्त मासा शिजवून थर कडक करायचा उरतो. थोडा जास्त परतून कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर टिकतो. माशाला लागलेला उरलेला रवा मात्र फेकायचा, परत बरणीत जायचा नाही.

तुकडा रव्यात नुसता लोळवून चालत नाही. तळहाताने दोन्ही बाजूंनी दाबा, जास्तीचा झटकून टाका, आणि झाकण न लावता दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. रवा मसाल्यातला ओलावा ओढून घट्ट बसतो. ही दहा मिनिटं दिली नाहीत तर पंख्याच्या वाऱ्याने सुटा रवा उडतो, कॉइलपर्यंत जातो आणि जळका वास येतो. भज्यासारखं पातळ पीठ तर इथे वापरूच नये. ते कडक होण्याआधी जाळीतून खाली ओघळतं.

यंत्र 200 अंशांवर चार मिनिटं रिकामं तापू द्या. मग जाळीला ब्रशने तेल लावा. दाबाच्या डब्यातले स्प्रे टाळा, त्यातल्या काहींमधल्या लेसिथिनचा चिकट थर बसतो आणि नॉनस्टिक खराब होतं. तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडा. एकावर एक किंवा कडेला कडा लावून ठेवले तर मधे वाफ कोंडते आणि मासा उकडल्यासारखा होतो. चार लिटरच्या भांड्यात एका वेळी चारच तुकडे मावतात, ते मान्य करून दोन घाणे करा. भोकांचा बेकिंग कागद वापरला तरी चालेल, मात्र तापवताना तो रिकामा आत ठेवू नका. वजन नसलेला कागद उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. बिनभोकांचा कागद किंवा फॉइल घातली तर खालून हवाच येत नाही आणि मासा गिच्च होतो.

दीड ते दोन सेंटीमीटर जाडीला 200 अंशांवर एकूण 9 ते 10 मिनिटं, शेपटीच्या पातळ तुकड्यांना 6. सहाव्या मिनिटाला जाड तुकडे एकदाच उलटा, तेही रुंद, पातळ उलथन्याने पूर्ण तळ उचलून. चिमट्याने धरलात तर बासा मोडतो. त्याच वेळी वर कुठे रवा पांढरा दिसला तर तिथे तेलाचा ब्रश फिरवा. ओव्हनसारखं दार असलेलं यंत्र असेल तर दोन मिनिटं जास्त धरा. दुसऱ्या घाण्याआधी खाली पडलेला रवा झटकून टाका, नाहीतर तोच धुरावतो. भांडं तापलेलं असल्यामुळे हा घाणा मिनिटभर आधीच होतो.

झाला की नाही ते रंगावरून ठरवू नका, रवा तर आधीच बदामी होता. सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध काट्याचं टोक घालून किंचित पिळा. पाकळ्या सुट्या झाल्या आणि मधे काचेसारखी पारदर्शक रेघ दिसली नाही, म्हणजे झाला. थर्मामीटर असेल तर माशासाठी 63 अंश ही सुरक्षित मानलेली मर्यादा आहे. बासा 65-67 पर्यंत गेलेला बरा लागतो, कारण त्याखाली तो लिबलिबीत वाटतो. कॉड मात्र 63 लाच काढावा. 70 च्या पुढे कुठलाही पांढरा मासा चोथ्यासारखा होतो.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्यांना कॉड आणि हॅडॉक सहज मिळतात आणि हीच पद्धत त्यांनाही लागू पडते. कॉडच्या पाकळ्या मोठ्या असतात, चरबी जवळजवळ नसते, म्हणून मसाल्यात तेल दीड चमचा घ्या आणि उलटायच्या फंदात पडू नका. इथे रायगडकडचा जिताडा मिळाला तर बासाकडे बघायचंही कारण नाही. कोळणीला मधला काटा काढून, कातडी ठेवून द्यायला सांगा. घरी आल्यावर बोट डोक्याकडून शेपटीकडे फिरवलं की बारीक काटे टोचतात, ते चिमट्याने डोक्याच्या दिशेने ओढले की मांस फाटत नाही. जिताड्याला रवा लावू नये असं माझं ठाम मत आहे. कातडी टिपून कोरडी करा, वर तेल आणि मीठ, आणि कातडीची बाजू वर ठेवा, कारण उष्णता वरून येते. अडीच सेंटीमीटर जाडीला 11-12 मिनिटं लागतात. मसाला फक्त मांसाच्या बाजूला लावा.

बोंबील मात्र यात घालू नका. त्यात इतकं पाणी असतं की वजनाखाली दाबूनही तो तव्यावरच्या भरपूर तेलातच नीट कुरकुरीत होतो.

काढलेले तुकडे ताटात नको, जाळीवर दोन मिनिटं ठेवा, ताटात खालची वाफ रवा मऊ करते. लिंबू वाढताना द्यावं, आधी पिळू नये. भांडं कोमट असतानाच धुतलं तर वास राहत नाही. यंत्र पूर्ण गार झाल्यावर कॉइलखालचा भाग ओल्या फडक्याने पुसावा, कारण वास बहुतेक तिथे उडालेल्या शिंतोड्यांचाच असतो. उरलेला मासा दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर चार मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये रवा ओला होतो आणि वास घरभर पसरतो.