पाऊस थांबल्यावर

"तुमच्या घरात मगर आली होती का हो?" पुण्याला नाहीतर ठाण्याला लग्नकार्यात गेलं आणि आम्ही बडोद्याचे म्हटलं, की हा प्रश्न ठरलेला. ऑगस्ट २०२४ च्या पुराचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मगर आली नाही. पाणी आलं, आणि तेही पावसाचा जोर ओसरल्यावर.

हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आमची विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते. वाटेत आजवा तलाव, सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. गावात पाऊस थांबतो, ऊनसुद्धा पडतं, पण वरचं पाणी अजून निघालेलंच असतं. म्हणून चातुर्मासात बडोदेकर आभाळाकडे कमी बघतो, "काळाघोडा किती?" हे जास्त विचारतो. काळाघोड्याच्या पुलापाशी नदी किती फुटांवर आहे, ते.

२६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. दिवसभर नुसता कोसळला. मंगळवारी सकाळी नदीने २५ फूट ओलांडले. आम्ही समा भागात राहतो, टेनामेंटमध्ये, म्हणजे सोसायटीतल्या दुमजली घरात. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हाही पाणी फाटकापाशीच थांबलं होतं. त्या भरवशावर आम्ही बसलो. तो भरवसा चुकीचा होता, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

आधी मोरीच्या जाळीतून बुडबुड ऐकू आली. रस्ता अजून कोरडा होता. मग तासाभरात गाद्या, देव, कागदपत्रं, सिलिंडर, जे हाताला येईल ते वर. फ्रिज राहिला. गव्हाची कोठी राहिली. उन्हाळ्यात एरंडेल लावून वर्षाचे गहू भरून ठेवायचे, ही इथली रीत आमच्याही घरात मुरलेली. कोठी अर्धी रिकामी झाली होती, तरी दोघांना उचलेना.

वीज गेली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जिन्यात बसल्या आणि रांगोळीच्या खडूने भिंतीवर वेळ लिहू लागल्या. "साडेसात, दुसरी पायरी." "नऊ, तिसरी." त्या इतक्या शांत होत्या, की मला त्यांचाच आधार वाटला. शेजारच्या बेन गच्चीवरून हाका मारून घरोघरची चौकशी करत होत्या.

रात्री दोनच्या सुमाराला खालून आवाज आला. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्. काहीतरी जड जिन्याला धडकत होतं. मगर, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच. ह्यांनी टॉर्च मारला. गढूळ पाण्यावर आमची कोठी आडवी होऊन तरंगत होती. जरा वेळाने झाकण निघालं आणि गहू आमच्या डोळ्यांसमोर पाण्यात पसरत गेले.

मगरींचं म्हणाल, तर २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने वस्त्यांमधून २४ मगरी पकडून सोडवल्या. पण त्या विश्वामित्रीतच राहतात, आमच्या आजोबांच्या आधीपासून. त्यांचं घर बुडालं, त्या बाहेर आल्या. आम्हीच त्यांच्या कोतरांमध्ये, म्हणजे नदीकाठच्या घळींमध्ये, भर टाकून सोसायट्या उभ्या केल्यात, आमचीही त्यातलीच. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे ते.

नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. बुधवारी लष्कराचे जवान होडीतून आले, दूध आणि पाणी देऊन गेले. आमच्याकडे पाणी पाचव्या पायरीवर थांबलं. मग आईंचे खडूचे आकडे खाली उतरू लागले. तोच पावसाचा पट्टा पुढे कच्छच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेला आणि ३० तारखेला त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. ही बातमी आम्ही चिखल काढताना ऐकली.

चिखलाबद्दल कुणीच विचारत नाही. पायाखाली लोण्यासारखा, वासाला गटाराचा, त्यात फुगून आंबलेले गहू. चार दिवस फावड्याने ओढत होतो, तरी कपाटाच्या मागून निघतच होता. ७ सप्टेंबरला गणपती. आमच्या मूर्तिकारांकडे खालच्या फळीवरच्या शाडूच्या मूर्ती विरघळून मातीचा नुसता गोळा झाल्या होत्या. आमची त्यातच होती. त्यांनी वरच्या फळीवरची एक लहानशी, अजून न रंगवलेली मूर्ती काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांचं वर्षाचं उत्पन्न गेलं होतं. आमचा चौरंग फुगला होता म्हणून बेनच्या पाटावर ती बसवली.

२०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. आम्ही गव्हाची कोठी वरच्या खोलीत नेली. परवा दुपारी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं. मी दोरीवर कपडे टाकत होते, तर आतून आईंचा आवाज, "अगं, काळाघोडा किती झाला बघ."