दोर ‘अचानक’ लांबतो तेव्हा

लिफ्टच्या देखभालपुस्तिकेचा इटालियनवरून झालेला स्पॅनिश अनुवाद माझ्याकडे तपासणीला आला, तेव्हा त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. दोरांच्या तपासणीच्या तक्त्यात मूळ शीर्षक होते ‘आलुंगामेन्तो सुबीतो दाल्ला फूने’, म्हणजे दोराच्या लांबीत झालेली वाढ. अनुवादात मात्र ‘सूबितो’ हे विशेषण आले होते आणि ती वाढ ‘अचानक’ झाली होती. पोलादी दोर वापरात हळूहळू लांबतो आणि ती वाढ नोंदवण्यासाठीच तो रकाना असतो. शीर्षकात ‘अचानक’ वाचणारा तंत्रज्ञ, काही विपरीत घडले नाही म्हणून, तो मोकळाच सोडील.

इटालियनमध्ये ‘सुबितो’ या शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असेल तर अर्थ ‘लगेच’ किंवा ‘अचानक’ होतो, दुसऱ्यावर असेल तर ‘सोसलेले’. छापताना आघातचिन्ह सहसा देत नाहीत. अनुवादक सहकारी एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे अभ्यासक आहेत. स्पॅनिश ‘सूबितो’, फ्रेंच ‘सुबी’ आणि एस्पेरांतो ‘सुबिता’ या तिन्हींचा अर्थ ‘अचानक’ असताना इटालियननेच वेगळे का वागावे, असा त्यांचा सवाल होता. अर्थ बहुमताने ठरवण्याची ही खोड बहुभाषक माणसांना फार असते. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या या एस्पेरांतोचे बहुतेक धातू रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांतूनच आलेले असल्यामुळे तिची साक्ष स्वतंत्र मानता येत नाही. माझ्यासाठी ‘दाल्ला फूने’ एवढा पुरावा पुरेसा होता, कारण ‘दोराकडून’ हा कर्ता कर्मणी रूपालाच लागतो, ‘अचानक’ला नाही.

मुळात हे सगळे लॅटिन ‘सुबिरे’चे वंशज आहेत: ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘इरे’ म्हणजे जाणे. (संस्कृत ‘उपैति’ याच घराण्यातले.) खालून वर येणे हा अर्थ स्पेन आणि पोर्तुगालने घेतला, म्हणून तिथे ‘सुबिर’ म्हणजे चढणे; ओझ्याखाली जाणे, सोसणे हा फ्रान्स आणि इटलीने. नकळत येऊन ठेपलेले ते ‘सुबितुस’, म्हणजे अचानक. एस्पेरांतोने ‘सुब’ आणि ‘इरी’ नव्याने जोडून ‘सुबिरी’ केले, ते मात्र खाली जाणे, सूर्याचे मावळणे.

शीर्षक मी ‘आलार्गामिएन्तो सुफ्रिदो’, म्हणजे ‘सोसलेली वाढ’, असे दुरुस्त केले. पण एकदा मंजूर झालेले वाक्य अनुवादाचे सॉफ्टवेअर पुढच्या पुस्तिकांत आपोआप भरते आणि अशा वाक्यांना मोबदला जवळजवळ नसल्यामुळे ती कुणी पुन्हा वाचत नाही. जुन्या पुस्तिका तपासू द्या, असे मी काम देणाऱ्यांना म्हटले, तेव्हा ग्राहकाची तक्रार नाही, असे उत्तर मिळाले. मोकळ्या रकान्याची तक्रार कोण करणार, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.