नळीतून दूध सुरू

आज भाचीला पोटात घातलेल्या नळीतून परत दूध सुरू झालं. किती? 2 मिली! सिस्टरने सिरिंज नुसती उभी धरली. दाबायचं नाही, ते आपलं आपण उतरतं.

साडेसहाव्या महिन्यातच जन्मली पोर. दूध पचतंय म्हणेपर्यंत पोट टम्म फुगलं, नळीतून हिरवं पाणी यायला लागलं. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवा दिसली. एनईसी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा आतड्याचा आजार. कोवळं आतडं सुजतं, सडायला लागतं, भोक पडलं तर थेट ऑपरेशन. आमचं अँटिबायोटिक्स आणि सलाइनवर निभावलं. अजूनही टेपने पोटाचा घेर मोजतात, तेव्हा ताई श्वास धरून बसते.

आईच्या दुधाने हा धोका कमी होतो. ताईला पुरेसं येत नाही, म्हणून बाकीचं मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज (गरम करून जंतू मारलेलं) केलेलं. आशियातली पहिली अशी बँक 1989 मध्ये आपल्या सायन हॉस्पिटलातच डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. (आणि आमच्या काकू सांगतायत, "डब्याचं द्या, बाळसं धरेल." हात जोडले.)

ओळखीत कुणी बाळंतीण असेल, दूध जास्त येत असेल, तर जवळच्या मिल्क बँकेत विचारायला सांगा.